आज्जीला बोलतं करू की गप्प राहू दे? (पत्रादेवी, १५ ऑगस्ट १९५५)

पेडणेकर_नातू

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, शुद्धलेखनाला हसू नका. आमचं घर पेडणे तालुक्यात, गावाचं नाव देत नाही कारण इथे सगळे सगळ्यांना ओळखतात नि विषय नाजूक आहे.

माझी आज्जी (बाबांची आई) आता पंच्याऐंशीच्या घरात. तिचं माहेर पत्रादेवीच्या जवळ. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवा मुक्तीसाठी महाराष्ट्रातल्या बांद्याकडून सत्याग्रही आत आले नि पाखल्यांनी (म्हणजे पोर्तुगीजांनी) गोळ्या घातल्या तेव्हा ती पंधराची होती. त्याबद्दल घरात एक गोष्ट आहे, म्हणजे सांगत कोणीच नाही, मोठ्या आत्येने आईला एकदा कानात सांगितली आणि आईने मला, ती एवढीच की गोळीबार झाल्यावर एक सत्याग्रही मेरेवरून धावत आज्जीच्या माहेरच्या खळ्यात आला, पाणी मागत होता, आणि आज्जीच्या वडिलांनी दार लावून घेतलं. पुढे त्याचं काय झालं कोणाला माहीत नाही.

लहानपणापासून बघतोय, १५ ऑगस्टला संध्याकाळी आज्जी तांब्याभर पाणी सोप्यावर ठेवते, सकाळी तुळशीत ओतते. आम्हाला वाटायचं श्रावणातलं काहीतरी व्रत असेल. आईने गोष्ट सांगितल्यावर अंगावर काटा आला.

आता प्रॉब्लेम असा झालाय. गावच्या शाळेला १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाला, तिचा सत्कार करायचाय, "प्रत्यक्षदर्शी" म्हणून, शाल श्रीफळ आणि वर पाच मिनिटं "आठवणी". मास्तर दोनदा येऊन गेले. ती म्हणते "माका कांय याद ना". चुलतभाऊ म्हणतो मी मोबाईलवर रेकॉर्ड करून टाकतो, असली माणसं आता किती उरली. त्यात मागच्या महिन्यात फॅमिली ग्रुपवर युद्धाचे व्हिडिओ फिरत होते (कुठल्या युद्धाचे ते सोडा, हल्ली एक संपत नाही तो दुसरं) तेव्हा याच भावाने लिहिलं "जो आज गप्प तो मारणाऱ्याच्या बाजूचा" आणि जेवताना मोठ्याने वाचूनही दाखवलं. आज्जी ताटावरून उठली. अर्धी भाकरी तशीच टाकून. ती ताटात शीत ठेवत नाही कधी.

तर विचारायचं हे की तिला बोलतं करणं बरोबर का. आणि दुसरं, हे मला रात्री झोपू देत नाही, ज्याने गोळी घातली नाही पण दार लावलं आणि नंतर आख्खं घर सत्तर वर्षं गप्प बसलं, त्याचा त्या मरणात वाटा किती? काहीच नाही म्हणावं तर पटत नाही, आहे म्हणावं तर ती समोर बसलेली असते.

सुभेदार_निवृत्त

रामराम. अठ्ठावीस वर्षं सर्विस झाली, आता सावंतवाडीला असतो, सासुरवाड डिचोलीला म्हणून इथे येणंजाणं.

म्हातारीला सोडा. माझा नातू पण विचारतो आजोबा तुम्ही किती मारले, मी म्हणतो जा अभ्यास कर. आमच्यात हा प्रश्न कोण विचारत नाही. नवीन पोरगा एखादा विचारतो एकदाच, मग त्याला पण कळतं. त्याला तुम्ही मौन म्हणा नाहीतर काय म्हणा. बोललो तर दोनच गोष्टी होतात, एक तर फुशारकी होते नाहीतर रडगाणं होतं, आणि जे झालं ते दोन्हीतलं नसतं.

ते दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणं आहे ना, ते पहिल्या महायुद्धानंतर सुरू झालं, ११ नोव्हेंबर १९१९ ला, लढाई थांबल्याला एक वर्ष झालं म्हणून. पण थांबली कशी ते ऐका. १९१८ ला तहावर सह्या झाल्या पहाटे पाचच्या सुमारास आणि लागू करायचा ठरला सकाळी अकराला. म्हणजे सहा तास वरच्या साहेबांना माहीत की संपलंय आणि तरी गोळ्या चालू. एक अमेरिकन शिपाई, हेन्री गुंथर नाव, दहा वाजून एकोणसाठ मिनिटांनी मेला. एक मिनिट राहिलं होतं. अकरा वाजायचे होते म्हणून. शाळेत ती दोन मिनिटं उभं करतात तेव्हा मला तेच एक मिनिट आठवतं, बाकी काय आठवत नाही.

बार्देशचा_वाघ

म्हणजे तुमचे पणजोबा पाखल्यांचे चमचे होते, सरळ लिहा की. सत्कार कसला करताय, माफी मागायला लावा स्टेजवर

फोंड्याचा_मास्तर

वाघोबा, तुमचा जन्म कधीचा? मोबाईलवरून डरकाळी फोडायला काय लागतं.

नातू, तुझा प्रश्न चांगला आहे, उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बस. आधी काळ काय होता ते बघ. १९३० च्या कलोनियल ॲक्टनंतर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत गोव्यात गप्प बसणं हा स्वभाव नव्हता, कायदा होता. सभा बंद, पेपर सेन्सॉर, जुनी माणसं सांगतात की लग्नाची पत्रिकासुद्धा छापायच्या आधी दाखवून आणावी लागायची. १८ जून १९४६ ला लोहियांनी मडगावात केलं ते काय, बंदी असताना सभा घेतली, बोलायला उभे राहिले, बस, एवढ्यावर अटक. आणि सगळ्यात भारी उदाहरण म्हापशाच्या डॉक्टर पुंडलीक गायतोंड्यांचं. फेब्रुवारी १९५४, एका जेवणावळीत कोणीतरी भाषणात म्हणालं की गोवा म्हणजे पोर्तुगालच, आणि हे म्हणाले मी निषेध करतो. संपलं, एवढंच वाक्य. त्यावरून पकडले आणि थेट पोर्तुगालला धाडले. मोठा सर्जन माणूस, पोर्तुगीज बायको. त्याची ही गत, तर सीमेवरच्या कुळागराच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्याची काय झाली असती विचार कर. दारात सत्याग्रही सापडला असता तर घरातली सगळी माणसं चौकीत, आणि चौकीत काय व्हायचं ते तुझ्या आज्जीला मी सांगायला नको.

आता पापाच्या वाट्याचं. महाभारतात द्यूतसभेत द्रौपदी प्रश्न विचारते आणि भीष्म म्हणतो धर्म सूक्ष्म आहे बाई, म्हणजे गप्पच. तिथे विदुर उठून चक्क हिशोब मांडतो, की ज्या सभेत निंद्य गोष्टीची निंदा होत नाही तिथे अर्धं पाप सभेच्या मुख्याला, चौथाई करणाऱ्याला आणि चौथाई गप्प बसणाऱ्यांना. बघ, करणाऱ्यापेक्षा मुख्याला जास्त! मी शाळेत हे शिकवायचो तेव्हा पोरं दुःशासनाला शिव्या द्यायची, मी म्हणायचो आधी खुर्ची कोणाची ते बघा. पण नातू, हा हिशोब *सभेतल्यांचा* आहे. ज्यांच्या बोलण्याने काही थांबलं असतं त्यांचा. मनुस्मृतीतही तसंच आहे, सभेत एक तर जाऊ नये, गेलास तर खरं बोल, गप्प बसलास तरी पापी. तुझा पणजोबा कुठल्या सभेत होता? त्याची सभा म्हणजे खळं नि गोठा.

म्हणून भावाचं ते "जो गप्प तो मारणाऱ्याच्या बाजूचा" हे स्टेटसला ठीक आहे, म्हातारीच्या ताटासमोर नाही.

लिस्बनहून_कुडचडेकार

मास्तर, आदर ठेवून सांगते, मला नाही पटलं. तुम्ही पणजोबांना सोडवलंत, छान, पण त्या माणसाचं काय? जो पाणी मागत होता? तुमच्या सगळ्या हिशोबात तो कुठेच नाही.

मी इथे पाच वर्षं आहे, नवऱ्याचा पोर्तुगीज पासपोर्ट, ती गोष्ट वेगळी. आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारे आहेत, पोर्तुगीज, तरुणपणी मोझांबिकला सक्तीच्या लष्करी नोकरीत होते. अतिशय गोड माणूस, माझ्या मुलाला चॉकलेट देतात. मोझांबिक म्हटलं की दार लावून घेतात. इथे अशी खूप आहेत, १९६१ पासून १९७४ पर्यंत अंगोला गिनी मोझांबिक तीन ठिकाणी यांची युद्धं चालू होती नि घराघरातून मुलं गेली, परत आली आणि जेवणाच्या टेबलावर कधी कोणी काही बोललं नाही. एक आख्खा देश गप्प.

तर विरियामू. १६ डिसेंबर १९७२, मोझांबिकचा तेते प्रांत, पोर्तुगीज कमांडो वाड्यावस्त्यांत शिरले आणि चारेकशे माणसं मारली, बायका मुलं सगळी. सरकार गप्प. पण तिथल्या मिशनरी पाद्र्यांनी एक काम केलं, वाचलेल्या माणसांना विचारत विचारत *नावांची यादी* केली. कोणाची बायको, कोणाचं मूल, नाव माहीत नसेल तर तसं. ती यादी गुपचूप बाहेर गेली आणि १० जुलै १९७३ ला लंडनच्या टाइम्समध्ये छापून आली, यांचे पंतप्रधान कायतानो लंडनला पाहुणे म्हणून जायच्या तोंडावर. इथल्या सरकारने काय म्हणावं, की असं गावच नाही! नकाशावर नाही म्हणे. माणसं मारायची आणि मग गाव पण मारायचं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ती राजवटच पडली, पण माफी? ती २०२२ ला. आणि मागितली कोणी, तेव्हाचे इथले पंतप्रधान अंतोनियो कोस्ता, आपल्या मडगावच्या मुळाचा माणूस, घरचे ज्याला बाबुश म्हणतात. मापुतोला जाऊन म्हणाला की ते अक्षम्य होतं. पन्नास वर्षं लागली. मी ती बातमी बघत होते आणि खाली ते आजोबा जिन्यात भेटले, मी काहीच बोलले नाही, तेही नाही. बघा, मीसुद्धा.

तर माझं म्हणणं, विचारा आज्जीला. तिला दोष द्यायला नको, त्या माणसासाठी विचारा. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर ज्यांची नावं आहेत ती माहीत तरी आहेत, पंजाबातून आलेला कर्नेल सिंग तिथेच पडला हे शाळेत शिकवतात. पण जो तुमच्या खळ्यात आला तो कोण? घरी पोचला का? त्याच्याही घरात कोणीतरी तांब्या घेऊन बसलं असेल. तुमची आज्जी जगातली शेवटची व्यक्ती असेल जिने त्याचं तोंड बघितलं.

सुभेदार_निवृत्त

बाई तुमचं बरोबर असेल. पण यादी करायला पाद्री लागतो, मोबाईलवाला भाऊ नाही.

वास्कोचो_दर्यावर्दी

विषय निघालाच आहे तर, आमच्या मुरगाव बंदरात ९ मार्च १९४३ च्या रात्री काय झालं ते किती जणांना माहीत आहे? महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून जर्मनीची तीन आणि इटलीचं एक अशी चार व्यापारी जहाजं इथे आसरा घेऊन पडलेली. त्यातलं एरेनफेल्स नावाचं वायरलेसवरून पाणबुड्यांना खबर देतं म्हणून इंग्रजांनी कलकत्त्याहून माणसं पाठवली. सैनिक पण नव्हेत, पन्नाशीला आलेले कंपनीतले साहेब, चहामळेवाले, वीकेंडला घोड्यावर बसणारे. रात्री चढले, कप्तानाला आणि आणखी काही जणांना मारलं, जहाज बुडवलं आणि पळाले. बाकीच्या जहाजांनी आपलीच जहाजं पेटवली. तटस्थ देशाच्या बंदरात केलं म्हणून इंग्रज कबूल करणार नाहीत, पोर्तुगीजांना पण नकोच होतं. ना मेडल ना खटला. १९७८ ला बाहेर आलं.

माझा आजो तेव्हा बंदरात पोर होता, त्याने आग बघितलेली. म्हणायचा आम्हाला सांगितलं खलाशांची आपसात मारामारी झाली, आम्ही म्हटलं झाली असेल. त्याला काय पाप बीप वाटलं नाही हो, शेवटपर्यंत मजेत सांगायचा. प्रत्येकाला तांब्या भरावासा वाटतो असं नाही.

फोंड्याचा_मास्तर

हे छान. पण बघा, गुपित आणि मौन यात फरक आहे. गुपित ठेवणाऱ्याचा फायदा असतो. आज्जीचा काय फायदा?

लिस्बनच्या ताईंना, तुमचा मुद्दा लागला. विदुराच्या हिशोबात खरंच द्रौपदीचा वाटा कुठे आहे हे मी तीस वर्षांत एकाही पोराला विचारलं नाही. रात्रीपासून तेच डोक्यात आहे.

सुभेदार_निवृत्त

एक राहिलं. १९६१ ला आपलं सैन्य आत आलं तेव्हा इथला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा, त्याला लिस्बनहून सालाझारची तार होती, १४ डिसेंबरची, की शरणागती नाही, आमचे सैनिक खलाशी एक तर जिंकलेले दिसतील नाहीतर मेलेले. तीन हजारांच्या वर माणसं त्याच्या हाताखाली. पूल उडवले त्यांनी, थोडी लढाई झाली, मुरगावच्या तोंडाशी त्यांचं आफोन्सु द आल्बुकेर्क जहाज लढलं, दोन्हीकडची माणसं गेली. पण १९ ला संध्याकाळी याने सही केली. पणजी उभी राहिली ती त्यामुळे. त्याला त्याच्या देशाने सैन्यातून काढून टाकलं, राजवट पडल्यावर १९७४ ला परत घेतलं.

मी शत्रूच्या माणसाचं कौतुक करतोय म्हणून वाघाने डरकाळी फोडू नये. हुकूम असताना बंदुका गप्प करायच्या ह्याला काय लागतं ते मला माहीत आहे. माझ्याकडून झालं असतं का, सांगता येत नाही. एकदा तशी वेळ आली होती, त्यावर लिहिणार नाही.

बार्देशचा_वाघ

नाही फोडत काका. सॉरी नातू, जरा जास्तच बोललो. आमच्याकडे पण एक काका होते पाखल्यांच्या पोलिसात, फोटो आहे टोपीतला, माळ्यावर उलटा करून ठेवलाय. आयशीला विचारलं तर म्हणते कोण की

साखळीची_नर्स

इतकं सगळं मोठमोठं वाचून डोकं गरगरलं. मी रोज म्हाताऱ्या माणसांत असते, घरी जाऊन सेवा करायचं काम आहे माझं. दोन गोष्टी सांगते.

स्टेजवर काय कोण बोलत नाही. माईक हातात दिला की म्हातारी माणसं पेपरातलं बोलतात, "आम्ही स्वातंत्र्यासाठी खूप सोसलं" वगैरे, कारण तेवढंच ऐकायला लोक बसलेत हे त्यांना कळतं. खरं बोलतात ते हात कामात असताना. मेथी निवडताना, वात वळताना, आंघोळीला पाठ चोळून घेताना तर सगळ्यात जास्त. आणि तोंडाकडे बघायचं नाही, बाजूला बसायचं.

दुसरं, "त्या दिवशी काय झालं" असं विचारूच नका, त्याचं उत्तर "याद ना" असंच येणार. बारीक विचारा. त्याच्या अंगात शर्ट होता की सदरा. पाऊस होता का. तांब्या कुठला होता. आणि सांगितलं नाही तर नाही, विषय सोडून अळसांद्यांचा (चवळीचा) भाव विचारा.

आणि नातू, तू हे सगळं तिला "सोडवायला" करतोयस की तुला झोप लागावी म्हणून, तेवढं आधी स्वतःशी बघ. राग मानू नको, माझ्या पेशंटच्या घरी मी हे रोज बघते.

पेडणेकर_नातू

सगळ्यांचे आभार, नर्स ताईंचे जास्त. शेवटचं वाक्य लागलं पण बरं झालं. उशीर झाला कळवायला, घरी भातकापणी होती.

आधी शाळेचं. मास्तरांना सांगितलं सत्कार नको. ते जरा हिरमुसले, पत्रिकेत नाव छापून झालं होतं. मग ठरलं की ती येईल पण खाली पोरांच्या मागे खुर्ची टाकून बसेल. शाल तिला नकोच होती, म्हणाली उकडता.

आता बाकीचं. परवा दुपारी घरात कोणी नव्हतं, ती सोप्यावर सुपात अळसांदे घेऊन बसलेली, मी बाजूला जाऊन खडे काढायला लागलो. पंधरा वीस मिनिटं काहीच नाही. मग मी विचारलं आज्जी, तो आला तेव्हा पाऊस होता? कोण तो असं ती म्हणालीच नाही. म्हणाली होय, मोठो पावस. त्याच्या एका पायात चप्पल होती, एक पाय उघडा, चिखलाने पोटरीपर्यंत भरलेला. अंगातला शर्ट पांढरा. रक्त नव्हतं, तिला तरी दिसलं नाही. मी म्हटलं मग पाणी मागितलं त्याने? तर हात थांबवून माझ्याकडे बघायला लागली, म्हणाली उदक खंय मागलें? कोणें सांगलें तुका?

म्हणजे आमच्या घरातली गोष्टच वेगळी निघाली. पाणी त्याने मागितलंच नव्हतं आणि दार पण कोणी लावलं नव्हतं, दार उघडंच होतं, आज्जी आणि तिची आई आत चुलीपाशी, बापूस खळ्यात उभा डोक्यावर गोणपाट घेऊन. तो माणूस हिंदीत काहीतरी बोलला, तिला त्यातलं "किधर" एवढंच कळलं. पुढे तिच्याच शब्दात लिहितो, "बापायन तोंडांतल्यान उतर काडलें ना. हात केलो." उतर म्हणजे शब्द, हात केला म्हणजे वाट दाखवली. तो त्या बाजूने गेला. थोड्या वेळाने पोलीस आले, तेव्हा पण बापूस बोलला नाही, त्यांनी विचारलं आणि त्याने नुसती मान हलवली, होय की नाही ते तिला चुलीकडून दिसलं नाही. त्या दिवसानंतर बापूस जेवताना कधी बोलला नाही म्हणाली, मरेपर्यंत, इतर वेळी बोलायचा, जेवताना नाही.

मी विचारलं हात कुठल्या बाजूला केला, बांद्याकडे की चौकीकडे. विचारायला नको होतं कदाचित. ती अळसांदे निवडत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली "पावस आसलो रे बाबू."

मग मी पण गप्प बसलो. सूप संपत आलं तेव्हा मला राहवेना, म्हटलं पाणी मागितलं नव्हतं तर तांब्या का भरून ठेवतेस. तर अगदी सहज, मला काही कळत नसल्यासारखं म्हणाली, "पयस वचपाचें आसलें मरे ताका." लांब जायचं होतं ना त्याला.

लिस्बनहून_कुडचडेकार

😔 ... रेकॉर्ड नाही ना केलंस?

पेडणेकर_नातू

नाही. मोबाईल आत चार्जिंगला होता.